हवामान ॲप: कोणता अलर्ट वाजू द्यायचा, कोणता गप्प करायचा

साडेतेवीस (धागाकर्ता)

हवामानाचं ॲप टाकलं आणि 'नोटिफिकेशन पाठवू का'ला हो म्हटलं, की पुढे बहुधा दोनपैकी एक होतं. ॲप दिवसभर टिवटिव करतं आणि वैतागून सगळंच बंद केलं जातं. नाहीतर ते मुकं बसतं आणि सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाने 'पावसाची शक्यता' म्हणून वाजतं. पहिल्याचं कारण चॅनेल (नोटिफिकेशनच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळा खटका) न लावणं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा फोनची बॅटरी-बचत. दोन्ही दहा मिनिटांत सुटतं. त्याआधी एवढं लक्षात घ्या, की ॲपमधून येणारी सगळी नोटिफिकेशन्स एका जातीची नसतात.

अधिकृत इशारा देशाच्या हवामान खात्याने काढलेला असतो. त्याच्यामागे माणूस असतो, ॲप फक्त पोस्टमन. 'पंधरा मिनिटांत पाऊस', 'उद्या पाच अंशांनी गार' हे ॲपने स्वतः आकड्यांवरून काढलेलं असतं. ते कुणी डोळ्यांखालून घातलेलं नसतं. उरलं ते भरताड: सकाळचा सारांश, व्हिडिओ, 'प्रीमियम घ्या'. वैताग येतो तो या तिसऱ्याचा, आणि रागाच्या भरात बंद होतो तो पहिला.

अँड्रॉइड ८ पासून (२०१७) ॲपला प्रत्येक प्रकार वेगळ्या चॅनेलमध्ये टाकावा लागतो. सेटिंग्ज > ॲप्स > हवामान ॲप > नोटिफिकेशन्स इथे ती यादी दिसते. सोपा मार्ग म्हणजे नको असलेलं नोटिफिकेशन आलं की ते झटकून न टाकता दाबून धरायचं. नेमकं ते चॅनेल समोर येतं, तिथेच 'सायलेंट' करा किंवा बंद करा. वरचा मोठा 'सर्व नोटिफिकेशन्स' खटका मात्र हलवू नका. चॅनेलचं महत्त्व तुम्ही एकदा बदललंत की ॲपला ते परस्पर वाढवता येत नाही. अपडेटमध्ये नवं चॅनेल मात्र आणता येतं, आणि ते चालू स्थितीतच येतं. म्हणून मोठ्या अपडेटनंतर यादीवर एक नजर.

आयफोनवर अशी चॅनेल नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपचा एकच खटका असतो, बारीक निवड ॲपच्या आत जाऊन करावी लागते. ॲपने आत तशी सोय दिलीच नसेल तर ते ॲप अलर्टसाठी बाद समजा.

माझी शिफारस अशी: तीव्र हवामानाचे अधिकृत इशारे आवाजासह. वीज आणि जवळचा पाऊस आवाजासह, पण दिवसाच. सकाळचा सारांश हवा असेल तर सायलेंट. बाकी सगळं बंद.

आता लोकेशन. इथे बरेच लोक गरज नसताना परवानगी देतात. अलर्ट एकाच ठरलेल्या जागेसाठी हवे असतील तर ती जागा ॲपमध्ये जतन करा, अलर्ट त्या जागेला लावा आणि लोकेशनची परवानगी सरळ नाकारा. बॅटरीही वाचते. तुमच्याबरोबर फिरणारे अलर्ट हवे असतील तरच 'अलाउ ऑल द टाइम' लागतं. अँड्रॉइड १० पासून (२०१९) ही परवानगी वेगळी आहे. नुसतं 'ॲप वापरताना' दिलंत तर ॲप बंद असताना तुम्ही कुठे आहात हे त्याला कळत नाही, आणि ते शेवटच्या माहीत असलेल्या जागेचे अलर्ट देत राहतं. 'भलत्याच गावचा पाऊस सांगतंय' ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

जागा जतन करताना नावाने शोधू नका, नकाशावर टाचणी लावा. एकाच नावाची गावं ढीगभर असतात.

खिडकीतून

उपयुक्त धागा. दोन प्रश्न. परवानग्या सगळ्या दिल्या तरी पावसाचा अलर्ट वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येण्याचं कारण काय? आणि 'अचूक' आणि 'अंदाजे' लोकेशनने अलर्टमध्ये खरंच फरक पडतो का?

वायुभार

दुसऱ्याचं उत्तर सोपं. अँड्रॉइडमध्ये 'अंदाजे' दिलं की (१२ पासून, २०२१) ॲपला साधारण ३ चौरस किमीच्या टप्प्यातली जागा मिळते. तापमानाच्या अंदाजाला एवढं खूप झालं, कारण अंदाजाची चौकटच (नकाशाचा जेवढा तुकडा एक धरून आकडा काढतात तो) त्याहून मोठी असते. विजेचं अंतर, रडारवरून काढलेला पाऊस आणि ज्या इशाऱ्यांची हद्द नकाशावर बहुभुज काढून ठरते, त्यांना 'अचूक' द्या. कडेला राहणाऱ्याला एखाद-दोन किमीचा फरक पडतो.

उशिराबद्दल थोडं सविस्तर. अलर्ट फोनपर्यंत दोन वाटांनी येतो. एक, सर्व्हर स्वतः ढकलतो, म्हणजे पुश. दोन, ॲप अधूनमधून उठून सर्व्हरला विचारतं. दुसऱ्या वाटेत अँड्रॉइडचं ठरावीक अंतराने काम करून देणारं जे साधन आहे, त्याचा किमान मध्यांतर १५ मिनिटं आहे, आणि तोही हमीचा नाही. त्यावर डोझ, म्हणजे अँड्रॉइडची स्वतःची बॅटरी-बचत. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन टेबलावर नुसता पडलेला असेल, तर यंत्रणा सगळ्या ॲपची कामं रोखून ठेवते आणि मध्येमध्ये थोड्या वेळासाठी खिडकी उघडते. फोन जितका वेळ पडून, तितक्या या खिडक्या लांब-लांब. म्हणून रात्रीचा अलर्ट सकाळी फोन उचलल्यावर धपाधप येतो. चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही, हे रात्रीपुरतं फुकटचं औषध.

पुशमध्येही दोन प्रकार आहेत. 'उच्च प्राधान्य' पुश डोझ भेदून येतो, साधा पुश खिडकीची वाट बघतो. कोणता वापरायचा ते ॲप बनवणारा ठरवतो, आपल्या हाती नाही. आपल्या हाती इतकंच:

ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये वेगळा 'ऑटोस्टार्ट' खटका असतो, तो चालू करा. अशा काही फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप वर सरकवून काढलं तर ते पूर्ण ठार होतं. यादीत त्याला कुलूप लावायची सोय असेल तर लावा.

'फोर्स स्टॉप' कधीही करू नका. फोर्स स्टॉप केलेल्या ॲपला पुन्हा हाताने उघडेपर्यंत पुशसुद्धा मिळत नाही. फोन 'साफ' करणारी काही ॲप नेमकं हेच करतात.

आयफोनवर 'लो पॉवर मोड' लागला की ॲपचं पार्श्वभूमीतलं ताजं होणं थांबतं. आणि 'हे ॲप पार्श्वभूमीत तुमचं लोकेशन वापरतंय' अशी नकाशासह सूचना अधूनमधून येते, तिथे घाईत 'फक्त वापरताना'वर बोट पडलं की फिरते अलर्ट संपले.

पाऊसपाणी

वायुभार, एक राहिलं. अँड्रॉइड ११ पासून न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काही महिन्यांनी आपोआप काढल्या जातात, आणि १२ पासून तसं ॲप झोपवलंही जातं; मग पुशही पोहोचत नाही. गंमत अशी की नोटिफिकेशन उघडलं तर तो 'वापर' धरतात, नुसतं झटकून टाकलं तर धरत नाहीत. हवामानाचं ॲप तर अलर्टपुरतंच ठेवलेलं असतं आणि अलर्ट वाचून झटकला जातो. म्हणजे कोरडा हंगाम गेला की पहिल्या वादळाला ॲप गाढ झोपेत. ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी 'न वापरल्यास ॲप थांबवा' असा खटका असतो, तो बंद करा.

वायुभार

बरोबर. हे निसटलं होतं.

आळशी बेडूक

होम स्क्रीनवरचं विजेट ताजं दिसतं म्हणजे ॲप जागं आहे, असं समजायचं का?

वायुभार

नाही. विजेटचा स्वतःचा नेहमीचा ताजं होण्याचा मध्यांतर कमीत कमी ३० मिनिटांचा असतो, आणि विजेट ताजं होणं व अलर्ट येणं या दोन वेगळ्या नळ्या आहेत. विजेटवर 'शेवटचं अद्ययावत' ही वेळ दिसेल असं सेटिंग निवडा. ती वेळ दोन तासांपूर्वीची असेल तर तिथलं तापमान म्हणजे शिळी भाकरी. सगळं सुरळीत असूनही विजेट गोठलं असेल तर ते काढून पुन्हा लावा, बहुतेक वेळा सुटतं.

पाऊसपाणी

आता टक्केवारीवर बोलू, कारण बऱ्याच ॲपमध्ये 'किती टक्क्यांना अलर्ट द्यायचा' हे विचारतात आणि लोक डोळे मिटून ५० ठेवतात.

'पावसाची शक्यता ४० टक्के' म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, ४० टक्के भागातही नव्हे. तुमच्या त्या बिंदूवर, त्या दिलेल्या काळात, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता ४० टक्के. 'मोजता येईल इतका' म्हणजे फारच थोडा. अमेरिकेच्या हवामान सेवेत ०.०१ इंच, म्हणजे सुमारे ०.२५ मिमी. जमीन जेमतेम ओली.

पहिली चूक काळाची होते. ताशी ३० टक्के सलग सहा तास दिसले, तर पूर्ण सहा तासांची शक्यता किती? सगळे तास एकाच ढगावर अवलंबून असतील तर ३० च्या आसपास. प्रत्येक तास स्वतंत्र असेल तर ०.७ चा सहावा घात ०.१२, म्हणजे शक्यता ८८. खरं उत्तर मधे कुठेतरी. म्हणून ताशी पट्टी आणि दिवसाचा आकडा जुळत नाही, आणि त्यात ॲपची चूक नसते. अलर्टचा उंबरठा ताशी आकड्याला लागतो की दिवसाच्या, हे आधी बघा.

दुसरी चूक, टक्के आणि प्रमाण यांची गल्लत. ९० टक्के शक्यता असलेला अर्धा मिमी पाऊस छत्रीशिवायही निभतो. ३० टक्के शक्यता असलेला ४० मिमी रस्त्यात पाणी साठवू शकतो. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी, तेव्हा १०० चौरस मीटरच्या छतावर ४० मिमी म्हणजे ४,००० लिटर. ॲपमध्ये तीव्रतेचा उंबरठा असेल तर टक्क्यांपेक्षा तो वापरा. तासाला २.५ मिमीपर्यंत हलका, २.५ ते १० मध्यम, त्यावर जोराचा. उंबरठा २.५ वर ठेवला की भुरभुरीचे अलर्ट थांबतात.

आणि ५० हा आकडा पवित्र नाही. तयारीला लागणारा खर्च भागिले तयारी न केल्यास होणारं नुकसान, हा तुमचा उंबरठा. ताडपत्री घालायला एक रुपयाचं कष्ट आणि न घातल्यास पाच रुपयांचं नुकसान असेल तर २० टक्क्यांनाच अलर्ट हवा. संध्याकाळचं फिरणं एवढंच पणाला असेल तर ७० ठेवा.

कोरडा पावसाळा

दोन ॲप दोन वेगळी चित्रं दाखवतात तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा? एकात सूर्य, दुसऱ्यात वीज.

वायुभार

आधी बघा की दोन्ही ॲप कोणतं मॉडेल (संगणकावर हवामानाचा अंदाज काढणारं गणित) वापरतात. 'माहिती' किंवा 'स्रोत' पानावर लिहिलेलं असतं. नसेल तर तोच त्या ॲपबद्दलचा शेरा समजा. बहुतेकांच्या मुळाशी मोजकी जागतिक मॉडेल्स आहेत: युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ (चौकट सुमारे ९ किमी), अमेरिकेचं जीएफएस (सुमारे १३ किमी), जर्मनीचं आयकॉन (जागतिक आवृत्ती सुमारे १३ किमी). मॉडेलचे फेरे जागतिक वेळेच्या ०, ६, १२, १८ वाजता सुरू होतात आणि निकाल हाती यायला काही तास जातात. त्यामुळे 'दर मिनिटाला अद्ययावत' असं ॲपने मिरवलं तरी पाच दिवसांपुढचा अंदाज दिवसातून फार तर चारदा बदलतो. त्यापेक्षा जास्त वेळा ॲप उघडून नवीन काही मिळत नाही.

गडगडाटी ढग रुंदीला काही किलोमीटरच असतो. ९ किमीच्या चौकटीला तो एकटा दिसत नाही, फक्त 'असे ढग होण्याजोगी हवा आहे' एवढं कळतं. मग एक ॲप त्याचं चित्र विजेचं काढतं, दुसरं ढगाआडच्या सूर्याचं. आकडे जवळपास सारखेच असतात, भांडण चित्रकाराचं असतं. म्हणून चित्र सोडा, टक्के आणि मिमी वाचा.

उंचीचाही घोळ असतो. मॉडेल पूर्ण चौकटीची सरासरी उंची धरतं. तुमची जागा त्याहून ३०० मीटर वर असेल, तर किमीमागे सुमारे ६.५ अंश या हिशोबाने तापमान दोनेक अंशांनी चुकतं, आणि डोंगराळ भागात रोज एकाच दिशेने चुकतं. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही नाही. चूक रोज सारखीच असेल तर गारठ्याच्या अलर्टचा उंबरठा तेवढाच सरकवून घ्या.

साडेतेवीस

माझ्या मते अलर्ट एकाच ॲपचे चालू असावेत. दुसरं ॲप ठेवा, पण मुकं. शंका आली की उघडून बघायला. दोन ॲप वाजायला लागली की एकच इशारा दोनदा येतो आणि आठवड्यात दोन्ही झटकायची सवय लागते.

पाऊसपाणी

अर्धवट सहमत. ॲपने काढलेल्या अलर्टसाठी एकच, मान्य. अधिकृत इशाऱ्यांसाठी मात्र हवामान खात्याचं स्वतःचं ॲप असेल तर ते वेगळं चालू हवं. खाजगी ॲप इशारा उचलून पुढे पाठवतं त्यात एक जास्तीचा टप्पा येतो, कधी मजकूर कापला जातो, आणि काही ॲप ठरावीक देशांचेच इशारे उचलतात. ॲपमध्ये 'तीव्र इशारे' हा खटका दिसतो म्हणून तुमच्या जागेला ते मिळतीलच असं नाही. इशारा लागू असेल त्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. ॲपमध्ये नसेल तर तो खटका शोभेचा.

साडेतेवीस

चालेल, पण मग खाजगी ॲपमधलं अधिकृत इशाऱ्यांचं चॅनेल सायलेंट करा. दोनदा वाजू नये एवढंच माझं म्हणणं.

पाऊसपाणी

आधी ताडून बघा, मग सायलेंट. या क्रमाने मंजूर.

दवबिंदू

इशाऱ्यांच्या मजकुराबद्दल थोडं. बहुतेक देशांत हे इशारे सीएपी (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) नावाच्या ठरलेल्या साच्यात निघतात. त्यात तीन वेगळी मापं असतात: घाई, तीव्रता, खात्री. तीव्रतेच्या पायऱ्या सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र अशा. ॲपमध्ये 'किमान तीव्रता' निवडता येत असेल तर आवाजासाठी 'तीव्र' ठेवा आणि त्याखालचे सायलेंट येऊ द्या, बंद नको.

वेळा वाचताना हमखास फसगत होते. साच्यात 'निघाल्याची वेळ', 'प्रत्यक्ष सुरुवात' आणि 'मुदत' या वेगवेगळ्या असतात. मुदत म्हणजे तो संदेश किती वाजेपर्यंत ग्राह्य आहे. वादळ किती वाजता संपेल याचा तो अंदाज नव्हे. 'सहापर्यंत इशारा' वाचून सव्वासहाला बाहेर पडणं यात म्हणूनच धोका आहे. मुदत संपता संपता नवा संदेश निघू शकतो. शिवाय एका इशाऱ्याचे पुढे 'सुधारित' आणि 'रद्द' असे संदेश येतात. काही ॲप सुधारिताला पुन्हा पूर्ण आवाजात वाजतात, म्हणून तोच इशारा तीनदा आल्यासारखा वाटतो. उघडून पाहा, बदललेली वेळ किंवा हद्द त्यातच असते.

रंगांची तुलना देशादेशांत करू नका. बऱ्याच ठिकाणी पिवळा-नारिंगी-लाल हा रंग नुसत्या पावसाच्या मिमीवर ठरत नाही, शक्यता आणि परिणाम यांच्या तक्त्यावर ठरतो. तोच पाऊस कोरड्या जमिनीवर पिवळा आणि आधीच भिजलेल्या जमिनीवर नारिंगी असू शकतो.

खिडकीतून

रात्री डू नॉट डिस्टर्ब लावल्यावर काय?

दवबिंदू

अँड्रॉइडवर तीव्र इशाऱ्यांच्या चॅनेलमध्ये जाऊन 'ओव्हरराइड डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. काही फोनमध्ये हाच पर्याय डू नॉट डिस्टर्बच्या बाजूने, 'परवानगी असलेली ॲप' म्हणून असतो. तिथून दिलं तर त्या ॲपचं भरताडही आत शिरतं, म्हणून आधी बाकीची चॅनेल बंद करा. आयफोनवर फोकसमध्ये (डू नॉट डिस्टर्ब तिथेच असतं) ते ॲप परवानगीच्या यादीत घाला आणि 'टाइम सेन्सिटिव्ह' चालू ठेवा. तिथेच अजून एक सापळा आहे: 'शेड्यूल्ड समरी'. त्यात हवामान ॲप घातलं असेल तर त्याची साधी नोटिफिकेशन्स साठवून ठरलेल्या वेळी एकगठ्ठा दिली जातात. दुपारी दोनचा पाऊस संध्याकाळी सहाच्या गठ्ठ्यात.

आणि ज्यावर कोणत्याही ॲपची सत्ता नाही ती सोय म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश देतो. इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो अडकत नाही. फोन फक्त नेटवर्कवर हवा, विमान मोडमध्ये नको. सेटिंग्जमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' शोधा. चाचणीच्या संदेशांचा खटका बंद असला तरी चालेल, बाकीचे चालू ठेवा. बहुतेक फोनवर त्याचा आवाज वेगळा आणि कर्कश असतो, मुद्दाम तसाच ठेवलेला. टॉवरच्या टप्प्यावर चालत असल्यामुळे हद्दीलगत शेजारच्या भागाचा इशाराही येतो, त्याला बिघाड समजू नका.

आळशी बेडूक

रडारवर थेट डोक्यावर पाऊस दाखवतं आणि अंगण कोरडं. अलर्टही येतो. हे का?

वायुभार

तीन शक्यता. पहिली, थेंब हवेतच विरतात. ढगाखालची हवा कोरडी असली की पाऊस जमिनीवर पोहोचण्याआधी वाफ होतो. रडारला तो वर दिसतो, आपल्याला नाही. दुसरी, रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळते. अर्धा अंश वर रोखलेला झोत १०० किमीवर जमिनीपासून सुमारे दीड किमी उंच असतो. म्हणून रडारपासून दूर असाल तर उंचावरचा पाऊस दिसतो आणि खालची भुरभुर अजिबात दिसत नाही. तिसरी, जिथे रडार पोहोचतच नाही तिथे काही ॲप उपग्रह किंवा मॉडेलवरून नकाशा रंगवतात आणि नाव मात्र 'रडार' ठेवतात. ओळखायची खूण अशी: खऱ्या रडारचं चित्र दर पाच-दहा मिनिटांनी बदलतं आणि त्याच्या कडा खडबडीत असतात. रंग साबणाच्या फेसासारखे गुळगुळीत पसरलेले असतील आणि चित्र तासाला एकदाच बदलत असेल तर ते रडार नव्हे.

'अमुक मिनिटांत पाऊस' हा अलर्ट म्हणजे मागच्या काही रडारचित्रांवरून ढगाची दिशा आणि वेग काढून त्याला पुढे सरकवलेलं असतं. पट्ट्याने येणाऱ्या पावसाला हे तासभर, फार तर दोन तास बरं चालतं. दुपारच्या उकाड्यात डोक्यावरच ढग जन्मला तर त्याला मागचं चित्रच नसतं, तिथे अलर्ट चुकणारच. त्याला कुठलंही सेटिंग नाही.

हाताने हिशोब जमतो. नकाशा अर्धा तास मागे न्या, पावसाची पुढची कड किती सरकली ते मोजा. १५ किमी सरकली असेल तर वेग तासाला ३०. कड अजून ३० किमीवर असेल तर तास आहे. चित्रावरची वेळ वाचायला विसरू नका, चित्र दहा मिनिटं जुनं असेल तर ती वजा करा.

कोरडा पावसाळा

वाऱ्याच्या अलर्टला किती आकडा ठेवावा?

वायुभार

आधी एकक. १० मीटर प्रति सेकंद म्हणजे ३६ किमी प्रतितास, २० नॉट म्हणजे ३७. ॲपचं एकक नॉटवर असताना ४० टाकलंत तर अलर्ट ७४ किमीला येईल, तोवर कुंड्या खाली. दुसरं, 'वारा' आणि 'झोत' वेगळे. वारा हा जमिनीपासून १० मीटर उंचीवरची, सहसा १० मिनिटांची सरासरी. झोत हा काही सेकंदांचा जोर आणि तो दीडपट किंवा जास्तही असतो. मोडतोड झोत करतो, तेव्हा उंबरठा झोताला लावा. मोकळ्यावर ठेवलेल्या हलक्या वस्तूंसाठी ५० किमी बरा.

पाऊसपाणी

'जाणवणारं तापमान' यावर अलर्ट लावणाऱ्यांसाठी एक सूचना. उष्म्याचा निर्देशांक सावलीतला धरलेला असतो, थेट उन्हात तो ८ अंशांपर्यंत जास्त असू शकतो. उन्हात काम करणाऱ्याने उंबरठा त्या मानाने खाली ठेवावा. गारठ्याचं (वाऱ्यामुळे जास्त जाणवणाऱ्या थंडीचं) सूत्र हवा १० अंश किंवा त्याखाली आणि वारा तासाला ४.८ किमीच्या वर असेल तेव्हाच लागू. अतिनील निर्देशांकाचा अलर्ट ३ ला ठेवला तर बऱ्याच प्रदेशांत तो रोज वाजेल. ३ पासून संरक्षण घ्यावं हे खरं, पण रोज वाजणारा अलर्ट कुणी वाचत नाही. तो ८ ला ठेवा. हवेच्या दर्जाचा आकडा कोणत्या देशाच्या पट्टीवर आहे तेही बघा, पट्ट्या वेगळ्या आहेत आणि १०० चा अर्थ सगळीकडे एक नाही.

खिडकीतून

सगळं लावल्यावर अलर्ट येतात की नाही याची खात्री वादळाची वाट न बघता कशी करायची?

साडेतेवीस

सध्या जिथे पाऊस चालू आहे असं जगातलं कोणतंही शहर रडारवर शोधा. ते ॲपमध्ये जतन करा, पावसाचा अलर्ट त्या जागेला लावा, फोन लॉक करून तासभर चार्जिंगशिवाय टेबलावर ठेवा. आला तर नळी चालू. नाही आला तर 'नोटिफिकेशन हिस्टरी' उघडा. अँड्रॉइड ११ पासून आहे, पण आधी चालू करून ठेवावी लागते, आणि ती मागचे २४ तास दाखवते. तिथे नोंद असेल तर अलर्ट पोहोचला होता, गडबड आवाजाची किंवा डू नॉट डिस्टर्बची. नोंदच नसेल तर बॅटरीची सेटिंग, ऑटोस्टार्ट, लोकेशन या क्रमाने तपासा. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठीही आधी परवानगी मागावी लागते; पहिल्या दिवशी घाईत 'नको' दाबलं गेलं असेल तर बाकीचं सगळं बरोबर असूनही शांतता. चाचणी झाली की ते शहर यादीतून काढून टाका, नाहीतर महिनाभर तिकडचा पाऊस कळत राहील.

आळशी बेडूक

विजेच्या अलर्टचा टप्पा किती ठेवावा? ८, १५, ३०, ५० किमी असे पर्याय आहेत.

दवबिंदू

१५. आठवर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण विजेची नोंद, सर्व्हर, पुश यात वेळ जातो आणि वादळही चालतच असतं. ५० ठेवलं तर पावसाळी संध्याकाळी फोन थांबणारच नाही. मोकळ्या मैदानावर किंवा पाण्यात असणार असाल आणि आडोशाला पोहोचायला वेळ लागणार असेल तर त्या दिवसापुरता ३०.

अलर्ट आला नाही पण गडगडाट ऐकू आला, तर गडगडाटच खरा मानायचा. आवाजाला किमीमागे सुमारे ३ सेकंद लागतात. चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी असतील तर वीज १० किमीच्या आत आहे, तेव्हा आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मधे पुन्हा वाजलं की घड्याळ परत शून्यावर. ॲपवरचा 'धोका टळला' हा संदेश त्याआधी आला तरी ही तीस मिनिटं मोजायचीच.